माती सांगते पाणी कुठवर येतं

मे महिन्यात आमच्या ओढ्याकाठच्या वावरात जेसीबीनं आठ फुटांचा खड्डा घेतला तेव्हा मी आत उतरून बराच वेळ भिंतच बघत बसलो. वर साडेचार फूट काळीभोर माती, तिच्यात हरभऱ्याएवढे चुनखडीचे खडे, आणि त्याखाली पिवळट चिकण, तिच्यात गंज लागल्यासारखे नारिंगी ठिपके आणि मधेमधे राखाडी-हिरवट पट्टे. सगळं ठणठणीत कोरडं. तरी त्या ठिपक्यांवर बोट ठेवून सांगता येत होतं की पावसाळ्यात पाणी इथपर्यंत चढतं.

ही करामत लोखंडाची. आपल्या बेसाल्ट खडकात लोह भरपूर, ते मातीत उतरतं. हवा मिळाली की ते गंजतं, म्हणजे तांबडं-पिवळं होतं. पण मातीच्या फटींत पाणी भरून राहिलं की हवेची वाट बंद होते, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या वेगानं पसरतो त्याच्या साधारण दहा हजार पट हळू पाण्यात पसरतो, आणि जो थोडाफार असतो तो मातीतले जिवाणू संपवून टाकतात, मग ते जिवाणू लोहाकडं वळतात आणि लोह पाण्यात विरघळणाऱ्या रूपात जातं, रंग उडतो आणि माती राखाडी पडते. पाणी उतरलं, मुळांच्या जुन्या वाटांनी हवा शिरली, की तेच लोह तिथं पुन्हा गंजून बसतं. म्हणून कायम बुडालेला थर राखाडी, कायम निचऱ्याचा थर तांबूस, आणि ठिपक्यांचा थर म्हणजे पाणी वर्षभर जिथं चढ-उतार करतं तो पट्टा. काळ्या मातीत मात्र हे रंग झाकले जातात, त्यामुळं काळीच्या खालचा थर बघायचा.

आता माळावरून ओढ्याकडं चालत या. भूजलाची पातळी जमिनीच्या चढ-उतारासारखीच असते, फक्त जरा सपाट, म्हणून माळाखाली पाणी खोल आणि ओढ्याजवळ वर. माळावर वीतभर तांबूस माती आणि लगेच मुरूम, कारण पाऊस बारीक माती खाली नेतो. उतारावर मध्यम काळी. तळाला खोल काळी, पाऊस थांबला तरी लवकर वाफसा न येणारी. एकच खडक, एकच पाऊस, पण उतारावरच्या जागेप्रमाणं मातीची अशी साखळी तयार होते. जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञानं पूर्व आफ्रिकेत काम करताना 1935 साली तिला ‘कॅटेना’ हे नाव दिलं, लॅटिनमध्ये कॅटेना म्हणजे साखळीच. चुनखडीवरून मात्र पाण्याची खोली ठरवू नका, आपल्या कमी पावसाच्या भागात पाऊस जिथवर मुरतो तिथंही चुना साठतो, त्याला भूजल लागतंच असं नाही.

पाणी वर आलं की बरंच असं वाटतं ना? कृष्णाकाठची क्षारपड रानं बघा. ऊस, पाटपाणी, वर पाण्याचा हिशेब नाही आणि खाली निचरा नाही, त्यामुळं भूजल वर सरकत गेलं. चिकण मातीत पाणी दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं, ते मीटरभर किंवा जास्तही, आणि उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. गावात म्हणतात, रान उपळलं, मीठ फुटलं. मला यात सगळ्यात वाईट हे वाटतं की उसाच्या वरच्या बाजूला जादा पाणी देणारा वेगळा असतो आणि खालच्या अंगाला पांढरं पडलेलं रान दुसऱ्याचंच असतं. जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाकून पाणी काढून दिलं तर अशी रानं सुधारतात, पण ते पाणी जाणार कुठं हे सगळ्या शिवारानं मिळून ठरवावं लागतं.

कोकणात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. वर जांभा, त्याखाली रंगीबेरंगी ठिपक्यांचा थर आणि त्याखाली फिकी मऊ चिकणमाती, तिला शेडी म्हणतात. लोह विरघळणं आणि पुन्हा बसणं यातनंच ते थर घडलेत, त्याला काळ मात्र प्रचंड लागला.

एक धोका सांगायलाच हवा. हे रंग लवकर पुसले जात नाहीत. आमच्या काकांच्या विहिरीत बांधकामाच्या खाली सात-आठ फुटांवरच गंजाचे ठिपके सुरू होतात, म्हणजे कधीतरी पाणी तिथवर यायचं. आता आजूबाजूला बोअर इतके झालेत की ऐन दिवाळीतसुद्धा दोर पंचवीस फूट सोडावा लागतो. काका म्हणतात, लहानपणी ते काठावर पालथं पडून तांब्यानं पाणी काढायचे. ते ऐकून आम्ही पोरं हसायचो. ठिपके बघितल्यावर मी टेप घेऊन मोजलं.