सलामिस: अरुंद पाण्यातलं गणित

ग्रीकांच्या त्रायरीम या युद्धनौकेत १७० वल्हेकरी बसत. वरच्या रांगेत ६२, मधल्या आणि तळच्या रांगेत ५४-५४. लांबी जेमतेम ३७ मीटर. १९८७ साली ग्रीसमध्ये ‘ओलिंपियास’ नावाची तिची प्रतिकृती पाण्यात उतरली, तेव्हा वल्ही मारणाऱ्या स्वयंसेवकांना उन्हात ताशी माणशी सुमारे एक लिटर पाणी लागायचं. म्हणजे आठ तासांना हजारभर लिटर तर नक्कीच, आणि ते ठेवायला जहाजात जागा नाही. अशा नौकेचं इंजिन म्हणजे माणसाचे दंड आणि पाठ. ते दमलं की जहाज दमलं.

इ.स.पू. ४८० च्या सप्टेंबरअखेरीस अथेन्सजवळच्या सलामिस बेटालगतच्या सामुद्रधुनीत ग्रीक आणि इराणी आरमारं भिडली, तेव्हा नेमकं हेच घडलं.

भांडण जुनं होतं. आशिया मायनरमधल्या आयोनियन ग्रीकांच्या इराणविरुद्धच्या बंडाला अथेन्सने मदत केली, इराण्यांच्या ताब्यातलं सार्डिस शहर जळालं, आणि इराणी सम्राट दारियसने त्याचा डूख धरला. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला त्याचं सैन्य हरलं. मग मुलगा झर्क्सिस स्वतःच निघाला. तोवर अथेन्सला लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला होता. ती नागरिकांत वाटून टाकावी, असा विचार चालला होता. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने तो हाणून पाडला आणि त्या पैशातून जहाजं बांधायला लावली. कारण दाखवलं शेजारच्या एजिना बेटाशी असलेल्या वैराचं! पुढे कामी आली ती इराण्यांविरुद्ध.

झर्क्सिसने रिकामं झालेलं अथेन्स जाळलं. ग्रीक आरमार सलामिसला गोळा झालं होतं, पण पळावं की लढावं यावर सेनापतींची हमरीतुमरी चाललेली. तेव्हा थेमिस्टोक्लीसने सिकिनस या आपल्या विश्वासू गुलामाहाती शत्रूकडेच निरोप धाडला: ग्रीक रात्री पळणार आहेत, वाटा अडवा. झर्क्सिसच्या सरदारांना ते पटलं. त्यांचे वल्हेकरी रात्रभर जहाजं पाण्यात सांभाळत राहिले. ग्रीक मात्र किनाऱ्यावर होते. पहाटे ताज्या दमाने वल्ह्यांवर बसले.

आता रुंदीचं पाहू. सामुद्रधुनीचा अरुंद भाग दीड-एक किलोमीटरचा. वल्ही पसरलेली त्रायरीम दहा-अकरा मीटर जागा खाते. शेजारच्या जहाजापासून तेवढंच अंतर सोडलं, तर एका रांगेत सत्तरच्या आसपास जहाजं मावतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इराण्यांची जहाजं १२०७ सांगतो. हा आकडा फुगवलेला असावा आणि बरीचशी आधीच वादळांत बुडाली होती. तरी उरलेलीही ग्रीकांच्या साडेतीनशेहून बरीच जास्त असावीत. पण पुढची रांग लढत असताना मागच्यांनी करायचं काय? ती मागून रेटत राहिली, पुढची माघारी वळू लागली, आणि आपल्याच जहाजांची वल्ही एकमेकांत अडकून मोडली. आडव्या झालेल्या जहाजाच्या कुशीत ग्रीकांच्या नाळेवरची काशाची सोंड घुसत होती. इराण्यांच्या बाजूने लढणारी हॅलिकार्नाससची राणी आर्टेमिसिया पाठलागातून सुटायला स्वतःच्याच बाजूच्या एका जहाजावर धडकली. ऐगालेओस डोंगराच्या पायथ्याशी बसलेल्या झर्क्सिसला वाटलं, तिने शत्रूचंच जहाज बुडवलं! हिरोडोटस आणखी एक साधी गोष्ट नोंदवतो: ग्रीकांना पोहता येत होतं, समोरच्या बऱ्याच जणांना नाही.

इराणी आरमार हरलं, त्याचा धाक संपला, तेव्हा एवढ्या सैन्याला समुद्रमार्गे रसद पुरवणंही अवघड झालं. झर्क्सिस आशियात परतला. मागे ठेवलेल्या सेनापती मार्डोनियसच्या फौजेत सुती कपडे घालणारे हिंदी सैनिकही होते. ती फौज पुढच्याच वर्षी ग्रीसमधल्या प्लातियाला हरली. अथेन्समध्ये मात्र वल्ही मारणाऱ्या गरीब नागरिकांचा भाव वधारला, कारण शहर आता त्यांच्या हातांवर उभं होतं.

इतकी जहाजं फुटली, तरी त्या तळाशी सांगाडे का सापडत नाहीत? त्रायरीम हलक्या लाकडाची, पोटात जड भार नाही. भोक पडलं तरी ती पाण्याने भरून तरंगत राहायची. सलामिसच्या अवशेषांतले कितीतरी पश्चिमेच्या वाऱ्याने वाहत जाऊन अॅटिका या अथेन्सभोवतीच्या प्रदेशातल्या कोलियासच्या किनाऱ्याला लागले.