खोकं सादळलंय की भिजलंय?

एप्रिलात मार्केट यार्डाबाहेर ३८ अंश ऊन, हवा ठणठणीत कोरडी, आणि कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षांची थप्पी खालच्या खोक्यापासून बसायला लागते. "पाणी कुठून आलं?" असं सगळे विचारतात. पाणी आलेलंच नसतं. खोकं सादळलेलं असतं.

द्राक्षं सुकू नयेत म्हणून खोलीत ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवावी लागते. पुठ्ठा म्हणजे शेवटी कागदच. पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेल्या पापडासारखा तो हवेतली ओल ओढतो. एरवी त्यात ७-८ टक्के पाणी असतं, इथे काही दिवसांत त्याच्या दुपटीवर जातं आणि वजन पेलायची ताकद जवळपास निम्म्यावर येते. दिसायला मात्र खोकं कोरडंच. कोपरा अंगठ्याने दाबून बघा: नव्या खोक्याचा अंगठ्याला बोचतो, सादळलेल्याचा आत जातो आणि आतच राहतो.

जुलैतलं दुखणं निराळं. ४ अंशांवरचा माल रीफर म्हणजे आतून गार ठेवणाऱ्या गाडीतून उतरला, बाहेर २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू साधारण २२ अंश असतो, त्याहून गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं. खोक्याला घाम सुटतो, लेबल उचलतं, टेप सुटते. पुठ्ठ्याचे थर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात, पाणी मुरलं की तेही सुटतात.

सुरुवातीला मी दोन्हींवर एकच उपाय करायचो: प्लास्टिक फिल्म. घामासाठी तो बरोबर आहे, पण फिल्म आत गार खोलीतच गुंडाळायची आणि माल बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत काढायची नाही. पाणी फिल्मवर धरतं, पुठ्ठा वाचतो. सादळण्यावर हीच फिल्म उलटी पडते. फळं स्वतः ओल सोडतात, ती आत कोंडते. तिथे जास्त प्लायचं (म्हणजे पुठ्ठ्याचे जास्त थर असलेलं) किंवा मेणाचा थर दिलेलं खोकं घ्यावं, थप्पी कमी उंच लावावी आणि कोपऱ्यावर कोपरा बसवावा, कारण वजन कोपरेच पेलतात.

शंका असेल तर अर्धा किलोचं रिकामं खोकं तोलून आठवडाभर आत ठेवा. थेंबही न दिसता ते चाळीसएक ग्रॅमने वाढलं, तर फिल्मचा खर्च करू नका, खोकं बदला.