पट्टीवरचं कुलूप आणि लखोट्यातली किल्ली
आमच्या आडत व पतसंस्था सॉफ्टवेअरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

नव्या बिलात 'केएमएस किल्ली' अशी एक ओळ दिसायला लागली आणि मोंढ्यातून फोन सुरू झाले. "ही कसली किल्ली? आम्ही तर मागितली नव्हती." विचारणं रास्त आहे. पण उभ्या उभ्या फोनवर सांगितलं की निम्मं कळतं, निम्म्यात सौद्याची घंटा होते आणि फोन ठेवावा लागतो. म्हणून हे लिहून काढलं.

तुमच्या दुकानातलं काय काय आमच्याकडं असतं ते आधी आठवा. शेतकऱ्याचं नाव, गाव, बँक खातं, कुणी किती उचल घेतली, कुणाच्या विक्रीच्या पट्टीतून किती कापलं. पतसंस्थेचं तर विचारूच नका. ठेवी, जामीनदार, तारणातलं सोनं, सगळं. हे सगळं अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउडवर आहे. लातूरच्या आमच्या ऑफिसात एक कागदही नाही.

एका जुन्या ग्राहकानं म्हटलं होतं, "मराठीत लिहिलेलंय, बाहेरचा कोण वाचणार?" आपल्या भागात निजामाच्या काळातले उर्दू आणि मोडी कागद अजून घरोघरी आहेत. आपल्याला वाचता येत नाहीत. पण वाचणाऱ्याला गाठलं, पैसे मोजले की तो तासाभरात सगळं सांगतो. लिपी म्हणजे कुलूप नव्हे.

कुलूप सापडणं ही आज अडचण नाही. एईएस-२५६ ही माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी बंद करण्याची पद्धत जगभर वापरतात, २००१ पासून ती अमेरिकेचं सरकारी मानक आहे, आणि ती फुकट आहे. अडचण किल्लीची, म्हणजे ते कुलूप उघडणाऱ्या गुप्त आकड्याची. किल्ली कुठं ठेवायची? सुरुवातीची काही वर्षं आम्ही ती त्याच सर्व्हरवरच्या एका फाइलीत ठेवत होतो, म्हणजे दाराला भारी कुलूप आणि किल्ली चौकटीवर. कुणी आत आलं नाही हे नशीब. त्यात आमची हुशारी काही नव्हती.

शेठजींच्या कमरेची किल्ली

आता आम्ही अ‍ॅमेझॉनची की मॅनेजमेंट सर्व्हिस, म्हणजे केएमएस, वापरतो. ही सेवा २०१४ पासून आहे. तिच्यात प्रत्येक ग्राहकाच्या नावे एक मुख्य किल्ली केली आहे. ती खास बनवलेल्या सुरक्षा यंत्रात राहते आणि उघड्या रूपात तिथून बाहेर येत नाही. आम्हाला दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही, अ‍ॅमेझॉनच्या माणसालाही काढून घेता येत नाही. जुन्या पेढीतले शेठजी तिजोरीची किल्ली कमरेला बांधून झोपायचे, तसंच. काम असेल तर शेठजींकडं जायचं. किल्ली मागायची नाही.

मग सगळा डेटाच शेठजींकडं पाठवून कुलूप लावून का घेत नाही? कारण केएमएस एका वेळी फक्त ४,०९६ बाइट घेतं. संगणकात देवनागरीचं एकेक अक्षर ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे १,३६५ खुणा झाल्या की संपलं. तुरीच्या हंगामात एका दिवसाची खतावणीसुद्धा त्यात मावत नाही.

म्हणून दोन किल्ल्यांची रीत. डेटाच्या प्रत्येक गठ्ठ्याला, म्हणजे पेटीला, स्वतःची छोटी किल्ली. तिला डेटा की म्हणतात. आमचं सॉफ्टवेअर केएमएसकडं 'जनरेट डेटा की' अशी मागणी करतं: अमुक ग्राहकाच्या मुख्य किल्लीखाली एक २५६ बिटची नवी किल्ली द्या. उत्तरात एकाच किल्लीची दोन रूपं येतात. एक उघडी, ३२ बाइटची. दुसरी तीच किल्ली, पण मुख्य किल्लीनं बंद केलेली, लाखेचा शिक्का मारलेल्या लखोट्यात घातल्यासारखी. उघड्या किल्लीनं पेटी बंद करायची आणि काम झालं की ती किल्ली संगणकाच्या मेमरीतून पुसून टाकायची. लखोटा पेटीलाच बांधून ठेवायचा. उद्या पट्टी बघायची झाली तर लखोटा तेवढा केएमएसकडं जातो, तिथं तो फुटतो, छोटी किल्ली मिळते, पेटी उघडते.

यात लोकांना एक गोष्ट पटकन पटत नाही: लखोटा डेटाशेजारी ठेवणं धोक्याचं नाही. चोरानं पेटी आणि लखोटा दोन्ही उचलून नेले तरी तो शेठजींकडूनच फोडून घ्यावा लागतो, आणि शेठजी ओळख विचारतात. उलट लखोटा हरवणं धोक्याचं आहे. केएमएस छोट्या किल्ल्यांची नोंद किंवा प्रत ठेवत नाही. लखोटा गेला तर ती पेटी कायमची बंद. म्हणून बॅकअप घेताना पेटी आणि लखोटा एकत्रच जातात.

फक्त लखोटा मागायचा तेव्हा

आमच्या कामातला हा भाग मला सगळ्यांत आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घाई असेल तर पुढं जा.

रात्री एक वेगळा प्रोग्राम चालतो. उद्याच्या तारखेच्या कोऱ्या पेट्या तो आदल्या रात्रीच मांडून ठेवतो. त्याला त्यात काहीच लिहायचं नसतं. मग त्याला उघडी किल्ली कशाला? केएमएसमध्ये याच कामासाठी दुसरी मागणी आहे, 'जनरेट डेटा की विदाऊट प्लेनटेक्स्ट'. यात केवळ लखोटा मिळतो. उघडी किल्ली येतच नाही. सकाळी पहिली पट्टी करताना जो प्रोग्राम प्रत्यक्ष लिहितो, तो लखोटा घेऊन जातो आणि फोडून आणतो.

फायदा परवान्यात आहे. लखोटा मागणं आणि लखोटा फोडणं, याचे परवाने केएमएसमध्ये वेगवेगळे देता येतात. रात्रीच्या प्रोग्रामकडं फोडण्याचा परवानाच नाही. कुणी तो प्रोग्राम ताब्यात घेतला तरी त्याच्या हाती फार तर बंद लखोट्यांचा ढीग लागेल. हमाल पोती रचतो, गल्ल्याला हात लावत नाही. इतकी साधी गोष्ट आहे, पण अनेक ठिकाणी सोयीसाठी सगळ्यांनाच सगळे परवाने दिलेले असतात.

दुसऱ्या कंपन्यांचा क्लाउड वापरणाऱ्यांसाठी एवढंच: गुगलच्या केएमएसमध्ये छोटी किल्ली आपण बनवायची आणि त्यांच्याकडून लखोटाबंद करून घ्यायची. मायक्रोसॉफ्टच्या की व्हॉल्टमध्येही किल्ली गुंडाळून घेणं आणि सोडवून घेणं, असाच प्रकार. तत्त्व तेच.

लखोट्यावरचा पत्ता

लखोटा मागताना सोबत 'संदर्भ' जोडता येतो: संस्था क्रमांक अमुक, हंगाम तमुक. फोडताना तोच संदर्भ अक्षरशः तसाच द्यावा लागतो, नाहीतर लखोटा उघडत नाही. त्यामुळं एका आडतीचा लखोटा चुकून दुसऱ्याच्या खात्यावर लागला तरी फुटत नाही.

'अक्षरशः' किती अक्षरशः, याचा अनुभव आम्ही घेतला. चाचणीच्या प्रतीत एका ठिकाणी हंगामाचं साल देवनागरी आकड्यांत गेलं होतं, फोडणाऱ्या प्रोग्रामात इंग्रजी आकड्यांत. माणसाला दोन्ही सारखे, केएमएसला वेगळे. ते फक्त 'लखोटा अवैध' एवढंच सांगतं, कुठं चुकलं ते सांगत नाही. दीड दिवस गेला. तेव्हापासून संदर्भात साल कायम इंग्रजी आकड्यांत.

आणि एक. हा संदर्भ गुप्त नसतो, नोंदवहीत उघडा दिसतो. म्हणून त्यात शेतकऱ्याचं नाव किंवा आधार क्रमांक आम्ही कधीही घालत नाही. ही नोंदवही म्हणजे क्लाउडट्रेल. किल्ली कुणी, केव्हा मागितली, लखोटा कुणी फोडला, ते तिथं लिहिलं जातं. मागचे ९० दिवस सहज बघता येतात. तुमच्या खात्याचा उतारा हवा असेल तर मागा, देऊ. पतसंस्थांच्या संचालकांनी तर मागावाच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि चौकशी झालीच तर हाती नोंद असलेली बरी.

नेट गेलं तर?

खरी किंमत इथं आहे. शेठजींकडं जायला रस्ता लागतो. प्रत्येक पट्टीला केएमएसपर्यंत हेलपाटा नको म्हणून फोडलेली किल्ली आम्ही मेमरीत दहा मिनिटं ठेवतो. तेवढा वेळ त्याच पेटीचं काम केएमएसला न विचारता चालतं. वेळ वाढवली तर काम आणखी सुरळीत होईल, पण उघडी किल्ली तितका जास्त वेळ पडून राहील. काही ग्राहकांनी एक तास करा म्हणून सांगितलं. आम्ही नाही म्हणालो. तुमच्या दुकानातलं नेट गेलं तर मात्र याचा उपयोग नाही. तेव्हा पावती पुस्तक बाहेर काढायचं.

मुंबईचं केंद्रच बंद पडलं तर हैदराबाद आहे. अ‍ॅमेझॉननं तिथं २०२२ मध्ये केंद्र सुरू केलं, आणि एकच मुख्य किल्ली दोन्हीकडं ठेवता येते. मराठवाड्याला हैदराबादचा रस्ता काही नवा नाही. पण अशी किल्ली पहिल्या दिवशीच 'बहुकेंद्री' म्हणून करावी लागते, नंतर बदलता येत नाही. नवे ग्राहक, हे सही करतानाच सांगा.

बिलातली ओळ

मुख्य किल्लीचं भाडं महिन्याला १ डॉलर. हैदराबादची जोड घेतली तर तिचा आणखी १ डॉलर. मागण्यांचा दर १०,००० मागण्यांना ३ सेंट, आणि महिन्याच्या पहिल्या २०,००० मागण्या फुकट. ही सूट आमच्या पूर्ण खात्याला मिळून आहे. समजा तुमच्या दुकानातून महिन्यात ५०,००० मागण्या गेल्या आणि सूट अजिबात धरली नाही, तरी १५ सेंट होतात. म्हणजे जो काही खर्च आहे तो किल्लीच्या भाड्याचा. मुख्य किल्ली दरवर्षी आपोआप बदलते. पहिल्या आणि दुसऱ्या बदलाला महिन्याचं भाडं प्रत्येकी १ डॉलरनं वाढतं, पुढच्या बदलांना काही नाही. जुने लखोटे बदलानंतरही फुटतात, कारण जुनी किल्ली आत जपलेली असते.

किल्ली पुसणं

हे मात्र नीट वाचा. मुख्य किल्ली पुसली की तुमचा सगळा डेटा, बॅकअपसकट, कायमचा बंद. आमच्याकडं दुसरी किल्ली नाही, अ‍ॅमेझॉनकडंही नाही. म्हणूनच केएमएस लगेच पुसत नाही. ७ ते ३० दिवस थांबायला लावतं. त्या काळात किल्ली वापरता येत नाही, पण अर्ज मागं घेता येतो. आम्ही नेहमी ३० दिवसच ठेवतो.

हप्ता थकला म्हणून आम्ही कुणाची किल्ली पुसत नाही. फार तर बंद करून ठेवतो, आणि बंद किल्लीचंही भाडं अ‍ॅमेझॉन घेतंच, ते आम्ही भरतो. तुम्ही दुसरीकडं जायचं ठरवलं तर आधी सगळा डेटा उघडून एक्सेलमध्ये हातात देऊ, तुम्ही तपासून सही कराल, मगच पुसण्याचा अर्ज.

जे या कुलपानं होत नाही

मुनीमजींचा पासवर्ड कॅलेंडरवर लिहिलेला असेल तर वरचं सगळं फुकट. खतावणीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, तो गेलाच. ज्याला पट्टी बघायचा अधिकार आहे त्याला ती उघडीच दिसणार; केएमएस माणसाची नियत तपासत नाही. काम सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच संध्याकाळी बंद करायला सांगत जा. हा फोन आम्हाला फार कमी वेळा येतो.

ऑफिस सकाळी साडेनऊ ते सात. सौद्याच्या वेळेत अडलं तर मेसेज टाकत बसू नका, सरळ फोन करा. येळवशीला ऑफिस बंद असतं, सगळे शेतात असतो. फोन उचलतो, मागून आंबिलाची गडबड ऐकू आली तर सांभाळून घ्या.