गृहकर्जाचे प्रकार

गृहकर्ज म्हणजे घर घ्यायला, बांधायला नाहीतर दुरुस्त करायला बँक किंवा हाउसिंग फायनान्स कंपनी तेच घर तारण ठेवून देते ते लांब मुदतीचं कर्ज, बोलताना सगळे होम लोनच म्हणतात. 1977 साली मुंबईत हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली आणि पगारदार माणसाला तरुणपणीच हप्ता बांधून घर घेता यायला लागलं, त्याआधी बरेच जण रिटायर झाल्यावर पीएफ-ग्रॅच्युइटीच्या पैशातून घर करायचे.

गहाण हा शब्द ऐकला की गावाकडे अजून सावकार आठवतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे सहा प्रकार आहेत, त्यातलं ताबेगहाण म्हणजे जमीन सावकाराच्या ताब्यात आणि पीकही त्याच्याच घरात. होम लोनमध्ये तसं नसतं, घरात आपणच राहतो, फक्त ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट आणि आधीची सगळी चेन, म्हणजे घर आधी ज्यांच्या नावावर होतं त्यांचे जुने करार, बँकेत जमा करायची, याला इक्विटेबल मॉर्टगेज म्हणतात. महाराष्ट्रात असं गहाण झालं की 30 दिवसांच्या आत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सूचना, रजिस्ट्रारकडे फाइल करावी लागते, म्हणजे तोच फ्लॅट दुसऱ्या बँकेत दाखवून परत कर्ज उचलायला गेलं तर सर्चमध्ये, म्हणजे जुन्या नोंदी तपासताना, सापडतं.

कशासाठी घेतलं यावरून प्रकार बरेच आहेत. तयार फ्लॅटला सगळी रक्कम एकदम मिळते. बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगला स्लॅब पडतील तसे पैसे सुटतात आणि तोवर प्री-ईएमआय म्हणून नुसतं व्याज भरत बसायचं, त्यात मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही, वर राहत्या घराचं भाडं चालूच, त्यामुळे पझेशन लांबलं की माणूस दोन्हीकडून पिळून निघतो. प्लॉट लोन साधारण एनए (बिगरशेती) प्लॉटलाच मिळतं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा असतो, त्यावर बऱ्याच बँका हात आखडतात मग लोक पतसंस्थेकडे जातात. चालू लोनवर वाढीव घेतलं तर टॉप-अप, स्वस्त रेटसाठी दुसऱ्या बँकेत नेलं तर बॅलन्स ट्रान्सफर. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे ओव्हरड्राफ्ट टाइप आहे, जास्तीचे पैसे लोन खात्यात टाकले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि अडीनडीला काढता पण येतात. रिव्हर्स मॉर्टगेजमध्ये उलटं, साठी ओलांडलेल्यांना बँक घरावर पैसे देते, पण आपल्याकडे ते फारसं रुजलं नाही, घर मुलांसाठी ठेवायचं असतं ना.

खरा फरक मात्र नावाने पडत नाही, रेटने पडतो. फिक्स्ड म्हणून विकलेलं लोन बऱ्याचदा दोन-तीन किंवा पाच वर्षांपुरतंच फिक्स्ड असतं, पुढे रिसेट, हे बारीक अक्षरात असतं म्हणून आधीच विचारून घ्यावं. फ्लोटिंगमध्ये, म्हणजे बदलत्या रेटमध्ये, 2010 ला बेस रेट आणि 2016 ला एमसीएलआर आला, हे दोन्ही बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेले दर, आणि 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांच्या नवीन लोनला रेपोसारखा (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरचा दर जोडणं सक्तीचं झालं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही सक्ती नाही, त्यांचा रेट त्यांच्या स्वतःच्या हिशोबाने चालतो.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो 4 वरून 6.5 टक्के झाला तेव्हा याचा चटका बसला. समजा 30 लाख 20 वर्षांसाठी 7 टक्क्यांनी नुकतेच घेतलेत, हप्ता 23,259. रेट साडेनऊ झाला की महिन्याचं व्याजच 23,750, म्हणजे तोच हप्ता ठेवला तर व्याजसुद्धा फिटत नाही आणि कर्ज वर्षं भरूनही वाढतच जातं. बँका गुपचूप मुदत वाढवत होत्या, लोकांना स्टेटमेंट काढल्यावर कळायचं. म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा का मुदत वाढवायची हे ग्राहकाला विचारा, फिक्स्डवर जायचा पर्याय पण द्या.

लोन किती मिळेल याला पण मर्यादा आहे: 30 लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 75 लाखांपर्यंत 80 आणि त्यावर 75 टक्के. स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन साधारणपणे या किमतीत धरत नाहीत, ते पैसे खिशातूनच, आणि बऱ्याच जणांचं बजेट नेमकं इथेच कोसळतं. वैयक्तिक फ्लोटिंग होम लोन मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, त्यामुळे बोनस आला की थोडंफार मुद्दलात टाकत राहावं, सुरुवातीच्या वर्षांत तर नक्कीच कारण तेव्हा हप्त्यातला बहुतेक भाग व्याजातच जातो.

लोन संपलं की 30 दिवसांत ओरिजिनल कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. कागद घेताना पानं मोजून घ्यावीत, आणि गहाणाची नोंद काढून टाकली का तेही बघावं.