किती कापायचं?

स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली की घरात बहुतेक वेळा पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं : "डॉक्टर, सगळं काढूनच टाका. धोका नको." बोलणारा कधी नवरा असतो, कधी मुलगा, पुष्कळदा ती बाई स्वतःच. त्यात माया असते आणि भीतीही. जास्त कापलं की जास्त वाचणार, हे इतकं उघड वाटतं की त्यावर शंका घ्यावी असं कुणाच्या मनात येत नाही. जगभरातल्या बहुसंख्य सर्जनांनाही जवळजवळ ऐंशी वर्षं तसंच वाटत होतं. ते तसं नाही हे कळलं काही हजार बायकांमुळे. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण आज परळला किंवा पुण्यात एखादीचा स्तन वाचतो, तेव्हा त्यात त्यांचा वाटा असतो.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या ५० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथी (शरीरातला लसिका नावाचा पाण्यासारखा रस गाळणाऱ्या छोट्या गाठी), असं सगळं ते एकत्र काढत. भिंतीत ओल पसरावी तसा कॅन्सर एका जागेपासून सलग पसरत जातो, असा त्यामागचा तर्क होता. ओलीची कड जिथे संपते त्याच्या पुढे जाऊन कापलं की आजार संपला. हॉल्स्टेड यांच्यावर अन्याय करायचा नाही. त्या काळात बायका यायच्या तेव्हा गाठ खूप वाढलेली असे, आणि छातीवर तोच आजार पुन्हा उगवण्याचं प्रमाण या ऑपरेशनाने खरोखर खाली आणलं. पण त्या जागी आजार उलटला नाही, म्हणून बाई जास्त वर्षं जगली असं सिद्ध होत नाही. आणि जी जगे तिच्या छातीच्या फासळ्यांवर नुसती कातडी उरे, खांदा आखडे, हात सुजून जड होई.

इतकं कापायची गरज नाही असं म्हणणारे मधल्या काळात होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स १९२० च्या दशकापासून लहान ऑपरेशन करून रेडियम या किरणोत्सर्गी धातूच्या सुया वापरत होते. त्यांच्या रुग्णांचे निकाल वाईट नव्हते. तरी त्यांचं कुणी फारसं मानलं नाही, आणि त्यामागे निव्वळ हट्ट नव्हता. एका डॉक्टरचे रुग्ण आणि दुसऱ्याचे रुग्ण यांची तुलना करायची कशी? एकाकडे लवकर आलेल्या जास्त असतील, दुसऱ्याकडे उशिरा आलेल्या. फरक उपचाराचा की रुग्णांचा, हे कळायला मार्ग नाही. तो मार्ग एकच आहे. कुणाला कोणतं ऑपरेशन करायचं हे डॉक्टरने ठरवायचं नाही, रुग्णानेही नाही. चिठ्ठी टाकायची. संख्या पुरेशी मोठी असली की वय, गाठीचा आकार, घरची परिस्थिती, सगळं दोन्ही गटांत सारखं वाटलं जातं आणि फरक उरतो तो फक्त ऑपरेशनाचा.

हे कागदावर सोपं आहे. समोर बसलेल्या बाईला "तुमचा स्तन ठेवायचा की काढायचा हे आम्ही चिठ्ठीवर ठरवू" असं सांगणं किती अवघड असेल, याची कल्पना करून पाहा. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये असा एक मोठा अभ्यास सुरू केला. त्यात १,६६५ बायका होत्या. ज्यांच्या काखेत हाताला काही लागत नव्हतं, त्यांतल्या काहींचं हॉल्स्टेड पद्धतीचं पूर्ण ऑपरेशन झालं, तर काहींचा फक्त स्तन काढला आणि काखेला हात लावला नाही. पूर्ण ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणींच्या काखेत कॅन्सर सापडला. म्हणजे काख न कापलेल्या गटातही साधारण तितक्याच जणींच्या काखेत तो मागे राहिला असणार. प्रत्यक्षात पुढे तो वर आला जेमतेम १८ ते १९ टक्के जणींमध्ये. आणि २५ वर्षांनी, २००२ मध्ये हिशेब मांडला तेव्हा जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. कॅन्सर ओलीसारखा पसरत असता तर हे घडलंच नसतं. फिशर यांचं म्हणणं असं होतं की पेशी सुटायच्या असतील तर त्या सुरुवातीलाच रक्तातून सुटलेल्या असतात. मग छातीवरची सुरी कितीही लांब नेली तरी त्या तिला सापडत नाहीत. त्यांच्यासाठी औषध लागतं.

स्तन वाचवण्याचा थेट अभ्यास दोन ठिकाणी झाला. मिलानमध्ये उंबर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ बायकांमध्ये हॉल्स्टेडचं ऑपरेशन आणि 'स्तनाचा चतुर्थांश काढून रेडिएशन' यांची तुलना केली. अमेरिकेत फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात १,८५१ जणींची माहिती तपासली गेली. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ, तर काहींची गाठ काढून वर रेडिएशन दिलं. वीस वर्षांनंतरचे दोन्हीकडचे निकाल २००२ मध्ये आले. मिलानमध्ये तोवर पूर्ण ऑपरेशनवाल्या ४१.२ टक्के आणि स्तन वाचवलेल्या ४१.७ टक्के बायका वारल्या होत्या. अमेरिकेतही तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखं. रेडिएशनचं महत्त्व मात्र लख्ख दिसलं. नुसती गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींच्या त्याच स्तनात आजार उलटला, रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४.३ टक्के होतं.

मध्येच एक धक्का बसला होता. मॉन्ट्रियलच्या एका केंद्रातल्या नोंदींमध्ये फेरफार झाल्याचं १९९४ मध्ये जगजाहीर झालं आणि स्तन वाचवून घेतलेल्या हजारो बायका हादरल्या. त्या केंद्रातल्या सगळ्या रुग्णांना वगळून हिशेब नव्याने केला गेला. निष्कर्ष तोच राहिला. अभ्यास एका जागेच्या भरवशावर उभा नसावा, तो अनेक केंद्रांत आणि अनेक देशांत व्हावा, याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता आपल्याकडे यायला हवं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने स्तनाचा कॅन्सर होतो आणि ९८ हजारांच्या आसपास दगावतात. यांतल्या पुष्कळ जणींचा स्तन वाचवता आला असता, तरी तो काढला जातो. एक कारण उशिरा येणं. दुसरं कारण नकाशावर दिसतं : रेडिएशनचं यंत्र गावापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर. नुसती गाठ काढली तर बहुतेक वेळा रेडिएशन घ्यावं लागतं, आणि ते पूर्वी पाच आठवडे रोज असे, आता बहुधा तीन आठवडे. लेकरं, शेत, मजुरी सोडून एवढे दिवस शहरात राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात, पण जागा सगळ्यांना पुरत नाही. म्हणून ब्रिटनमधल्या ९७ रुग्णालयांत झालेला, २०२० मध्ये पाच वर्षांचे निकाल देणारा अभ्यास मला आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो. त्यात ४,०९६ रुग्णांना चिठ्ठी टाकून तीन आठवड्यांत १५ किंवा एकाच आठवड्यात ५ वेळा रेडिएशन दिलं. आजार उलटण्याचं प्रमाण १५ वेळांच्या गटात २.१ टक्के आणि ५ वेळांच्या दोन गटांपैकी कमी मात्रेच्या गटात १.४ टक्के निघालं. ज्या बाईला हा एक आठवडा पुरेसा आहे, तिचा स्तन केवळ अंतरापायी जायला नको.

काखेचीही तीच गोष्ट. स्तनातून निघालेला रस काखेतल्या ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचतो ती निळ्या रंगाने किंवा किरणोत्सर्गी द्रवाने शोधून फक्त तीच तपासायची, ही पद्धत १९९० च्या दशकात आली. तिच्यात काही नसेल तर बाकीची काख वाचते. अमेरिकेतल्या ८९१ बायकांच्या अभ्यासाने पुढचं दाखवलं. अशा एक-दोन ग्रंथींमध्ये कॅन्सर असला, तरी गाठ काढून रेडिएशन घेणाऱ्यांना काख पूर्ण उकरण्याचा फायदा होत नाही. दहा वर्षांनी जगण्याचं प्रमाण काख वाचवलेल्यांत ८६.३ टक्के, काढलेल्यांत ८३.६ टक्के. सुजलेल्या हाताने भाकरी थापणं, हंडा उचलणं, बांगडी चढवणं किती जड जातं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्याची किंमत सांगावी लागणार नाही.

परळच्या टाटा रुग्णालयानेही असे प्रश्न विचारले आहेत, आणि त्यांतले काही जगात कुणी नीट विचारले नव्हते. हाडांत किंवा फुप्फुसांत आजार पोचलेला असताना स्तनातली मूळ गाठ काढावी का? जुन्या नोंदी सांगत होत्या की ऑपरेशन झालेल्या बायका जास्त जगतात. पण ऑपरेशनसाठी निवडल्या जात होत्या त्याच मुळात धडधाकट असलेल्या. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ३५० जणींमध्ये चिठ्ठी टाकून हे तपासलं. निकाल २०१५ मध्ये आला : ऑपरेशन झालेल्यांचं मध्यक आयुर्मान (निम्म्या जणी ज्याहून जास्त जगल्या तो काळ) १९.२ महिने, न झालेल्यांचं २०.५ महिने. त्या ऑपरेशनाने आयुष्य वाढत नव्हतं.

याच गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला आणखी एक अभ्यास थक्क करतो. भारतातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायका होत्या. निम्म्या जणींना गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं, म्हणजे दातवाले जागा बधिर करायला वापरतात त्या जातीचं औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. हाताळताना गाठीतल्या पेशींनी सुटून जाण्याची जी तयारी करावी तिला हे औषध अटकाव करत असावं, असा अंदाज आहे. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या देशांत हे पुन्हा तपासायला हवं. पण औषध अगदी स्वस्त आहे, आणि पेटंट नसलेल्या औषधावर असा अभ्यास कंपन्या सहसा करत नाहीत. तो सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेनेच करावा लागतो.

इतकं सगळं होऊनही काही जणींचा पूर्ण स्तन काढावाच लागतो. तो पुन्हा घडवण्याबद्दल आपल्याकडे घरात कुणी बोलत नाही. ब्लाउजमध्ये कापूस किंवा कापडाची घडी ठेवून वर्षानुवर्षं काढणाऱ्या बायका मला माहीत आहेत, आणि "या वयात काय करायचंय" हे वाक्य त्यांना इतरांनीच ऐकवलेलं असतं.

घडवण्याच्या मुख्य वाटा दोन. एक सिलिकॉनची. बहुतेक वेळा आधी त्वचेखाली फुगवता येणारी पिशवी बसवतात, काही आठवडे तिच्यात सलाइन भरत त्वचा ताणतात आणि मग कायमचं सिलिकॉन बसवतात. दुसरी वाट स्वतःच्या शरीराची. पाठीचा एक पसरट स्नायू त्वचेसकट पुढे वळवतात, किंवा बेंबीखालची त्वचा आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट काढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना शिवतात. हे कित्येक तासांचं काम आहे.

यातलं चांगलं कोणतं? इथे चिठ्ठी चालत नाही. पोट कापून घ्यायचं की नाही हे नशिबावर सोडायला फारशी कुणी तयार होत नाही, आणि व्हावंही का? म्हणून संशोधकांनी मोजायची गोष्टच बदलली. अँड्रिया प्युसिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिची उत्तरं फक्त त्या बाईने द्यायची. कपडे घालून आरशात पाहताना कसं वाटतं, छातीत ओढल्यासारखं होतं का, जोडीदाराजवळ संकोच वाटतो का. तोवर 'निकाल चांगला' हे सर्जन फोटो पाहून ठरवत.

हीच प्रश्नावली घेऊन अमेरिका-कॅनडातल्या ११ केंद्रांनी दोन हजारांहून जास्त बायकांचा माग ठेवला. दोन वर्षांत सुमारे ३३ टक्के जणींना काही ना काही गुंतागुंत झाली आणि जवळजवळ पाचातल्या एकीला पुन्हा टेबलावर जावं लागलं. हा आकडा ऑपरेशनाआधी सांगितला जायलाच हवा. स्वतःच्या शरीरातून घडवलेल्या स्तनांत गुंतागुंत जास्त होती, आणि समाधानही त्याच बायकांचं जास्त होतं. ज्यांना रेडिएशन घ्यावं लागलं त्यांच्यात चित्र फिरलं : सिलिकॉनवाल्यांत सुमारे ३९ टक्के गुंतागुंत, स्वतःच्या शरीरातून घडवलेल्यांत २६ टक्के. किरणांनी त्वचा आकसते आणि सिलिकॉनभोवतीचं आवरण कडक होतं.

आणखी दोन गोष्टी फोटोत दिसत नाहीत. घडवलेल्या स्तनाला स्पर्श बहुधा कळत नाही, इतका की गरम पाण्याची पिशवी ठेवली तर कातडी भाजते आणि पत्ता लागत नाही. आणि खरखरीत पृष्ठभागाच्या सिलिकॉनमुळे क्वचित एक वेगळाच लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, होतो. तसल्या सिलिकॉनचा एक प्रमुख प्रकार २०१९ मध्ये जगभरातून परत घेतला गेला. स्तन घडवल्याने मूळ कॅन्सर उलटण्याचा धोका मात्र वाढत नाही, हे आजवरच्या अभ्यासांतून दिसतं.

काही जणी सगळं ऐकून सपाट छातीच पसंत करतात. तीही पूर्ण निवड आहे. मग ती शिवण नीट, सुरकुत्यांशिवाय यावी, असा आग्रह धरण्याचा त्यांना हक्क आहे. पण "नको" म्हणण्याआधी विचारलं गेलेलं असावं. पूर्ण स्तन काढताना त्वचा शिल्लक ठेवता येते, पण ते आधीच ठरलेलं असेल तरच. एकदा गेलेली त्वचा परत येत नाही. म्हणून प्लास्टिक सर्जनची भेट पहिल्या ऑपरेशनाच्या आधी मागा, पुढे रेडिएशन लागेल का हे त्याच बैठकीत विचारा, आणि उत्तर ऐकताना बाईला पुढच्या खुर्चीवर बसू द्या.