पेशीच्या शिवणीतली माया

दहावीच्या वह्यांत पेशीचं आवरण दरवर्षी गुळगुळीत गोल काढलेलं असतं, अंड्याच्या कवचासारखं. मला ते बघवत नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या थरातली किंवा चरबीची पेशी जवळून पाहिली, तर आवरणाला आतल्या बाजूनं असंख्य खळगे पडलेले दिसतात. एकेक खळगा ५० ते १०० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. १९५०च्या दशकात पॅलेड आणि यामादा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते पाहिले. नाव पडलं कॅव्हिओली, म्हणजे छोट्या गुहा.

हे खळगे पाडतं कोण? कॅव्हिओलिन नावाचं प्रथिन. ते आवरणाला आरपार भोक पाडत नाही. आतल्या बाजूनं शिरतं, तिथेच रुततं आणि त्याची दोन्ही टोकं पेशीच्या आतच राहतात. २०२२ साली त्याची रचना उलगडली, तेव्हा मी ते चित्र कितीतरी वेळ बघत बसले. अकरा रेणू एकमेकांना बिलगून सपाट चकती बनवतात. सपाट! मग वाक येतो कुठून? एक पटणारं उत्तर असं: आमच्या बेळगावात पोरं ज्या फुटबॉलनं खेळतात, तोही सपाट तुकडे जोडूनच गोल होतो. अशा अनेक चकत्या शेजारी बसल्या की आवरण कोनाकोनानं वळतं. पेशीच्या आतल्या बाजूनंच कॅव्हिन नावाची दुसरी प्रथिनं जाळी घालून तो आकार धरून ठेवतात. याला कोलेस्टेरॉलही लागतं. ते काढून घेतलं, तर खळगे सपाट होतात. म्हणून 'शरीरातलं सगळं कोलेस्टेरॉल धुऊन काढणारा काढा' विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. रक्तात ते वाढलं तर डॉक्टरांना जरूर दाखवा, पण पेशीला ते हवंच असतं.

शहापूरला ब्लाउज शिवायला टाकताना आई शिलाईवाल्या मावशींना सांगते, "आत माया ठेवा हं." अंग भरलं की शीण न घेता उसवून सैल करता येतं. खळगे हीच पेशीची माया. २०११च्या प्रयोगात पेशी कमी क्षाराच्या पाण्यात फुगवल्या, तेव्हा खळगे उलगडून सपाट झाले आणि आवरणावरचा ताण वाढला नाही. पेशी पूर्ववत झाली की खळगे पुन्हा पडले.

स्नायूंत हे काम कॅव्हिओलिन-३ करतं. त्याच्या जनुकात बिघाड असलेल्या रुग्णांच्या स्नायूपेशी ताणल्या, तर ही सोय मिळाली नाही. अशा काहींच्या मांडीवर बोटानं टिचकी मारली, तर स्नायूवरून एक लाट सरकत जाताना कातडीवर उघड दिसते.