नवे आर्थिक धोरण (मलेशिया)

मलेशियाने १९७१ मध्ये स्वीकारलेले आणि १९९० पर्यंतची मुदत घालून घेतलेले आर्थिक-सामाजिक धोरण. मलय भाषेत त्याला ‘दासार एकोनोमी बारू’ म्हणतात. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेबरोबर (१९७१–७५) त्याची अंमलबजावणी सुरू झाली. उद्दिष्टे दोन होती : वंश न पाहता दारिद्र्य हटवणे, आणि अमुक वंशाने अमुक धंदा करायचा ही वसाहतकाळात बसलेली घडी मोडणे. पहिले उद्दिष्ट बऱ्याच अंशी साधले व त्यावर फारसा वादही झाला नाही. दुसरे मात्र हळूहळू एकाच आकड्यात कोंबले गेले : कंपन्यांच्या भागभांडवलात बुमिपुत्रांचा ३० टक्के वाटा. धोरणाची मुदत संपून तीन दशके उलटली, तरी देशाचे राजकारण त्या आकड्याला धरून आहे.

बुमिपुत्र या वर्गात मलय तसेच बोर्निओ बेटावरील सबाह व सारावाक राज्यांतले कडझान-दुसून, इबान इ. समूह येतात, मलय द्वीपकल्पातील ओरांग अस्ली या आदिवासींनाही व्यवहारात त्यातच धरतात. मलय कोण, हे संविधानाच्या १६० व्या कलमात सांगितले आहे : जो इस्लाम मानतो, रोज मलय भाषा बोलतो आणि मलय रीतिरिवाज पाळतो तो. १५३ व्या कलमाने मलय व बोर्निओतील मूळ रहिवाशांच्या ‘विशेष स्थाना’चे रक्षण करण्याची जबाबदारी राजावर टाकली असून नोकऱ्या, शिष्यवृत्त्या व परवाने यांत त्यांच्यासाठी राखीव वाटा ठेवण्याची मुभा दिली आहे. या संविधानाचा मसुदा रीड आयोगाने तयार केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक हे त्या आयोगावरील भारतीय सदस्य होते.

भारतीय वाचकाला येथे आरक्षण आठवेल, पण साम्य वरवरचे आहे. भारतात राखीव जागा ज्यांच्यासाठी सुरू झाल्या ते समूह सत्तेपासून दूर होते. मलेशियात सवलत मिळाली ती संख्येने मोठ्या आणि राज्यसत्ता हाती असलेल्या समाजाला; सत्ता होती, पैसा नव्हता. शिवाय क्रीमी लेयरसारखी चाळणी तेथे कधी लावली गेली नाही, त्यामुळे मंत्र्याचा मुलगा आणि भातशेती करणाऱ्याचा मुलगा एकाच रांगेत उभे राहिले.

पार्श्वभूमी : ब्रिटिश अमलात मलायात कथिलाच्या खाणी व व्यापार चिनी स्थलांतरितांकडे गेला, रबराच्या मळ्यांवर प्रामुख्याने तमिळ मजूर आणले गेले आणि बहुसंख्य मलय भातशेती व मासेमारीवर राहिले. मलय सरदार घराण्यांतील मुलांना प्रशासनात जागा मिळाल्या. मोठे भांडवल ब्रिटिश कंपन्यांचे होते, ही गोष्ट नंतरच्या मलय-चिनी वादात अनेकदा झाकली जाते. १९७० मध्ये कंपन्यांच्या भागभांडवलात परकीयांचा वाटा ६३.३ टक्के, बुमिपुत्रांखेरीज इतर मलेशियन नागरिकांचा ३४.३ टक्के आणि बुमिपुत्रांचा जेमतेम २.४ टक्के होता. त्याच वर्षी द्वीपकल्पात ४९.३ टक्के कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. मलय कुटुंबांत हे प्रमाण सुमारे ६५, भारतीयांत ३९ आणि चिन्यांत २६ टक्के होते.

१९५७ च्या स्वातंत्र्यानंतर उम्नो (मलयांचा पक्ष), मलायन चायनीज असोसिएशन व मलायन इंडियन काँग्रेस या तीन पक्षांच्या आघाडीने राज्य केले. पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांच्या काळातला न लिहिलेला करार असा, की राजकारण मलयांनी पाहावे आणि चिन्यांच्या व्यापाराला हात लावू नये. १० मे १९६९ च्या निवडणुकीने तो मोडीत काढला. आघाडीचे बहुमत टिकले, पण मतांचा टक्का घसरला. पेनांग राज्य हातचे गेले आणि सेलांगोरमध्ये निम्म्या जागा विरोधकांकडे गेल्या. क्वालालंपूरमध्ये विरोधकांच्या विजयी मिरवणुका निघाल्या, त्यांना उत्तर म्हणून उम्नोच्या कार्यकर्त्यांनी मिरवणूक ठरवली, आणि १३ मेच्या संध्याकाळी दंगल पेटली. सरकारी हिशेबाने १९६ माणसे मेली. इतर अंदाज याहून बरेच मोठे आहेत. आणीबाणी पुकारली गेली, संसद स्थगित झाली आणि उपपंतप्रधान अब्दुल रझाक यांच्या हाताखालील राष्ट्रीय कार्यकारी परिषदेकडे कारभार गेला. १९७० मध्ये टुंकू पायउतार झाले व रझाक पंतप्रधान झाले.

धोरणाची आखणी याच बंद दाराआडच्या काळात झाली. नियोजन विभागातील अर्थतज्ज्ञांचा भर वाढीवर होता : अर्थव्यवस्था वाढू द्या, वाटप मागाहून पाहू. राष्ट्रीय ऐक्य विभाग व त्याला सल्ला देणारे नॉर्वेजियन अर्थतज्ज्ञ युस्ट फालंड यांचे म्हणणे, वाटप आधी ठरले नाही तर वाढच टिकणार नाही. दंगलीचा धाक ताजा असल्याने दुसरी बाजू जिंकली. फेब्रुवारी १९७१ मध्ये संसद पुन्हा भरली तेव्हा पहिल्याच कामात घटनादुरुस्ती करून १५३ व्या कलमाविरुद्ध प्रश्न उपस्थित करणे राजद्रोह ठरवले गेले, आणि ही बंदी संसदेच्या सभागृहातही लागू झाली. दंगलीनंतर तोंडे बंद करणे समजण्यासारखे होते. पण ज्या धोरणाची चर्चाच करता येत नाही त्याच्या चुका वेळेवर दुरुस्त होत नाहीत, आणि नेमके तसेच झाले.

अंमलबजावणी : १९९० साठीचे लक्ष्य ३०-४०-३० असे होते, ३० टक्के बुमिपुत्र, ४० टक्के इतर मलेशियन, ३० टक्के परकीय. यात कोणाकडून काही हिसकावून घ्यायचे नाही, वाढत्या पोळीतून नवा वाटा काढायचा, असे सांगितले गेले. लक्ष्यात चिनी-भारतीयांचा वाटाही ३४ वरून ४० वर जायचा होता. कात्री लागणार होती ती परकीयांना.

ग्रामीण बाजूला सर्वांत ठळक काम फेल्डा या भूविकास महामंडळाचे. ते १९५६ मधले, म्हणजे धोरणाआधीचे, पण विस्तार धोरणकाळात झाला. जंगल तोडून वसाहती उभारल्या, भूमिहीन कुटुंबाला सुमारे १० एकरांचा रबर किंवा पाम तेलाचा मळा आणि घर दिले. जमीन फुकट नव्हती; लागवडीचा खर्च कर्ज म्हणून नावावर चढे आणि दर महिन्याला मालाच्या पैशातून हप्ता कापून उरलेली रक्कम वसाहतदाराच्या हाती पडे. अशी एक लाखाहून अधिक कुटुंबे, बहुतेक मलय, वसवली गेली. पुढे याच वसाहती उम्नोच्या हक्काच्या मतपेढ्या झाल्या.

शहरात मारा ही बुमिपुत्रांना शिक्षण व कर्ज पुरवणारी सरकारी संस्था, सरकारी विद्यापीठांतील राखीव जागा, परदेशी शिष्यवृत्त्या, सरकारी कंत्राटे, घरखरेदीत बुमिपुत्रांना सूट असे जाळे विणले गेले. १९७५ च्या औद्योगिक समन्वय कायद्याने कारखान्याच्या परवान्याला भागभांडवल व नोकरभरतीच्या अटी जोडल्या. चिनी उद्योजकांचा सर्वाधिक राग या कायद्यावर होता. अनेकांनी कारखाना मोठा करण्याऐवजी पैसा जमीनजुमल्यात घातला किंवा देशाबाहेर नेला.

अटी आल्या तशा पळवाटाही आल्या. कंत्राट किंवा परवाना मलय माणसाच्या नावावर, भांडवल आणि काम चिनी भागीदाराचे, आणि नावाच्या धन्याला ठरावीक कमिशन. या जोडीला मलेशियात ‘अली बाबा’ म्हणतात. अली मलय, बाबा चिनी. दोघांचेही भागत असल्याने तक्रार कोणी करत नाही. कागदावर मलय उद्योजक वाढतात आणि धंदा शिकायचा तो शिकलाच जात नाही.

परकीय कंपन्यांचे भागभांडवल मिळवण्यासाठी १९७८ मध्ये परमोदालान नॅशनल बर्हाद (पीएनबी) ही सरकारी गुंतवणूक संस्था स्थापन झाली. तिचा गाजलेला पराक्रम ७ सप्टेंबर १९८१ चा. लंडनचा शेअरबाजार उघडताच तिच्या दलालांनी गथ्री या ब्रिटिश मळेकंपनीचे शेअर उचलायला सुरुवात केली आणि काही तासांत कंपनी मलेशियाच्या ताब्यात आली. लंडनमध्ये त्याला ‘पहाटेचा छापा’ म्हटले गेले, नियम कडक झाले, आणि नुकतेच पंतप्रधान झालेल्या महाथीर मोहम्मद यांनी उलट ‘ब्रिटिश माल सर्वांत शेवटी घ्या’ असे धोरण जाहीर केले. मळे राष्ट्रीयीकरणाने नव्हे, बाजारातून रोख पैसे मोजून घेतले होते, याचा मलेशियात आजही अभिमान आहे.

घेतलेले शेअर सामान्य मलय माणसाकडे पोचवायचे कसे, हा खरा पेच होता. आधी व्यक्तींना सवलतीत दिलेले शेअर लोक भाव वाढताच विकून मोकळे होत. त्यावर १९८१ मध्ये अमानाह साहम नॅशनल या युनिट ट्रस्टचा उपाय काढला : शेअर पीएनबीकडे राहतील, बुमिपुत्रांनी त्यांचे युनिट घ्यायचे, युनिटचा भाव एक रिंगिटला (मलेशियाचे चलन) बांधलेला, दरवर्षी लाभांश, आणि विकायचे तर फंडालाच परत. पासबुक भरत राहिले आणि लाखो मलय कुटुंबांना बचतीची सवय लागली. १९९० मध्ये आलेला अमानाह साहम बुमिपुत्रा हा त्याचाच पुढचा अवतार. भागधारक म्हणून मात्र या कुटुंबांच्या हाती काही आले नाही. कंपनी कोण चालवणार ते सरकारच ठरवी.

फलित : १९७१ ते १९९० या काळात अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी ६.७ टक्क्यांनी वाढली. तेल सापडले होते, १९७४ मध्ये पेट्रोनास ही सरकारी तेलकंपनी स्थापन झाली. १९७२ मध्ये पेनांगमध्ये बायान लेपास मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले, इंटेलने त्याच वर्षी तेथे कारखाना काढला, आणि खेड्यांतल्या मलय मुली हजारोंनी चिपजोडणीच्या ओळींवर बसल्या. निर्यातीच्या या कारखान्यांना भागभांडवलाच्या अटींतून बरीच सूट होती. मलय समाज शेतीतून उद्योगात गेला त्याचे मोठे श्रेय या सूट दिलेल्या क्षेत्राला आहे, हे धोरणाचे समर्थक सहसा सांगत नाहीत. १९८५–८६ च्या मंदीत महाथीर यांनी स्वतःच परकीय गुंतवणुकीवरच्या अटी सैल केल्या.

१९९० अखेर दारिद्र्य द्वीपकल्पात सुमारे १५ टक्क्यांवर आले. मलय डॉक्टर, अभियंते, वकील, बँक अधिकारी यांचा मोठा मध्यमवर्ग उभा राहिला. एका पिढीत झालेला हा बदल आशियात फार थोड्या देशांना साधला. १९६९ सारखी दंगल पुन्हा झाली नाही, हेही जमेच्या बाजूला धरावे लागते. भागभांडवलाचा आकडा मात्र १९.३ टक्क्यांवर अडकला. चिनी वाटा ४५ टक्क्यांच्या वर गेला आणि परकीयांचा २५ टक्क्यांवर उतरला.

सर्वांत कमी हाती लागले ते भारतीयांच्या. मळे खासगी मालमत्ता असल्याने ग्रामविकासाच्या योजना तेथपर्यंत पोचल्याच नाहीत. पुढे मळ्यांच्या जागी वसाहती, कारखाने आले तेव्हा मजुरांची नोकरी आणि घर एकदमच गेले. समाजाच्या नावाने १९८२ मध्ये काढलेल्या मायका होल्डिंग्ज कंपनीत अनेकांनी किडूकमिडूक घातले. ते वाढले नाही. २५ नोव्हेंबर २००७ रोजी हिंड्राफ या हिंदूंच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या हाकेवर हजारो भारतीय क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले आणि मार्च २००८ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत गेले.

आकड्याचा वाद : बुमिपुत्रांचा वाटा किती, हे मोजण्याच्या पद्धतीवर ठरते. सरकार सर्व नोंदणीकृत कंपन्यांच्या शेअरची दर्शनी किंमत धरते आणि सरकारी कंपन्यांची मालकी बुमिपुत्रांच्या खात्यात घालत नाही. २००४ साठीचा सरकारी आकडा १८.९ टक्के होता. २००६ मध्ये एका खासगी अभ्यासकेंद्राने बाजारभाव धरला, सरकारी कंपन्यांतला मोठा हिस्सा बुमिपुत्रांचा मानला आणि वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास काढला. लक्ष्य कधीच ओलांडले असा त्याचा अर्थ होता. गदारोळ झाला, केंद्र ज्या संस्थेचे होते तिने अहवाल मागे घेतला आणि केंद्राचे संचालक लिम टेक घी यांनी राजीनामा दिला.

याहून बोलका आकडा २००९ मध्ये पंतप्रधान नजीब रझाक यांनीच दिला. बुमिपुत्रांना वाटलेल्या ५४ अब्ज रिंगिटच्या शेअरपैकी त्यांच्याकडे उरले होते फक्त २ अब्ज रिंगिटचे. बाकीचे विकले गेले होते. भोक पडलेल्या माठात पाणी ओतत राहावे तसा हा प्रकार, आणि माठ भरला नाही म्हणून आणखी ओतायची मागणी दरवर्षी होत राहिली. त्या वर्षी नव्या शेअरविक्रीतली ३० टक्क्यांची अट सैल झाली. सरकारी कंत्राटे आणि शिक्षणातल्या सवलतींना हात लागला नाही.

खासगीकरणाच्या काळात (१९८३ नंतर) धोरणाला आणखी एक वळण लागले. महामार्ग, विमानसेवा, दूरसंचार यांची कामे निवडक मलय उद्योगपतींकडे गेली. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात त्यांतले अनेक बुडाले आणि सरकारी तिजोरीने त्यांना बाहेर काढले. राष्ट्रीय विमान कंपनीचे शेअर सरकारने बाजारभावाच्या दुपटीहून अधिक दराने परत घेतले. गरिबांसाठी सुरू झालेल्या धोरणाची ही सर्वांत महागडी फलश्रुती म्हणावी लागेल.

शिक्षणातील राखीव जागांनी वेगळीच जखम केली. विद्यापीठप्रवेश २००२ पासून गुणवत्तेवर, असे जाहीर झाले. पण त्यासाठीच्या एक वर्षाच्या मॅट्रिक्युलेशन अभ्यासक्रमात ९० टक्के जागा बुमिपुत्रांना ठेवल्या गेल्या, आणि इतर मुले बहुतेक दोन वर्षांच्या अवघड परीक्षेकडे वळली. ज्यांना परवडले त्यांनी मुलांना सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनला पाठवले. अनेक परतले नाहीत. जागतिक बँकेच्या २०११ च्या अहवालानुसार परदेशस्थ मलेशियनांची संख्या दहा लाखांच्या घरात होती.

१९९० नंतर : राष्ट्रीय विकास धोरण (१९९१–२०००) आणि त्यापुढच्या योजनांनी नावे बदलली, गाभा तोच ठेवला. २०१० मध्ये नजीब सरकारने गरजेवर आधारित मदतीचा आराखडा मांडला, पण मलय संघटनांच्या विरोधापुढे तो बोथट झाला. मे २०१८ मध्ये उम्नोप्रणीत आघाडी प्रथमच सत्तेबाहेर गेली. नव्या सरकारने वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही करण्याचा विचार जाहीर करताच मलयांचे विशेष स्थान जाईल असा ओरडा झाला आणि सरकारने माघार घेतली. तरीही ८ डिसेंबर २०१८ रोजी क्वालालंपूरमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. दारिद्र्याच्या आघाडीवरही हिशेब पुन्हा मांडावा लागला : २०२० मध्ये कुटुंबाची मासिक दारिद्र्यरेषा ९८० वरून २,२०८ रिंगिटवर नेली, तेव्हा ०.४ टक्के सांगितले जाणारे दारिद्र्य २०१९ साठी ५.६ टक्के निघाले. २०२४ मध्ये अन्वर इब्राहीम सरकारने बुमिपुत्रांसाठी २०३५ पर्यंतचा स्वतंत्र आर्थिक आराखडा जाहीर केला.